निशाण खाली पडू न देणारा सार्जंट: विल्यम कार्नी यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम हार्वी कार्नी हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना बहुधा एकच प्रसंग माहीत असतो. संध्याकाळची वेळ, वाळूचा किल्ला आणि गोळ्या लागूनही हातातलं निशाण न सोडणारा एक काळा शिपाई. प्रसंग खराच आहे. पण तो एका रात्रीत संपला आणि कार्नी अडुसष्ट वर्षं जगले. त्या सगळ्या आयुष्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, ती मुद्दाम लांबू दिली आहेत.

कार्नी कोण होते, हे आधी थोडक्यात सांगाल का?

जन्म २९ फेब्रुवारी १८४०, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं नॉरफोक हे बंदर. जन्मतः गुलाम. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे यादवी युद्ध झालं, त्यात ते उत्तरेकडून लढले. पलटण ५४वी मॅसॅच्युसेट्स, कंपनी ‘सी’, हुद्दा सार्जंट. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरच्या हल्ल्यात त्यांनी देशाचं निशाण शेवटपर्यंत सांभाळलं. त्यासाठी अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, त्यांना मिळालं २३ मे १९०० रोजी. मधल्या काळात ते न्यू बेडफर्ड गावात पोस्टमन होते. डिसेंबर १९०८ मध्ये बॉस्टनला वारले.

गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाला लिहिता-वाचता कसं येत होतं?

चोरून शिकल्यामुळे. त्या काळच्या व्हर्जिनियात काळ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी शाळा भरवणं कायद्याने गुन्हा होता. १८३१ साली नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली तिथे उठाव झाला होता, तेव्हापासून गोऱ्या मालकांनी अक्षरांची धास्तीच घेतली. वाचणारा गुलाम पळून जाण्यासाठी परवाना स्वतःच लिहू शकतो, वर्तमानपत्र वाचू शकतो, इतरांना वाचून दाखवू शकतो. बंदुकीइतकीच धोक्याची गोष्ट.

तरीही नॉरफोकमध्ये एक धर्मोपदेशक गुपचूप शाळा चालवत होते. चौदाव्या वर्षी हाताला काम नसायचं तेव्हा छोटा विल्यम तिथे जाऊन बसायचा. ही माहिती खुद्द कार्नी यांनीच दिली आहे. १८६३च्या नोव्हेंबरमध्ये गुलामगिरीविरोधी ‘लिबरेटर’ या साप्ताहिकात त्यांचं छोटंसं आत्मकथन पत्ररूपाने छापून आलं. अंगावरच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. चोरून शिकलेल्या अक्षरांनीच त्यांनी आपली कहाणी जगापुढे ठेवली, हे मला त्या पत्राचं मोठं मोल वाटतं.

मग ते उत्तरेत कसे पोचले?

वडिलांच्या मागोमाग. बापलेक किनाऱ्याने चालणाऱ्या व्यापारी गलबतांवर कामाला होते. १८५६ साली वडील सुरक्षित जागेच्या शोधात निघाले. आधी पेनसिल्व्हेनिया पाहिलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या मातीत लिहिला गेला तिथेही काळा माणूस सुरक्षित नाही, असं कार्नी त्या पत्रात लिहितात. हे उगाच लिहिलेलं नाही. १८५० सालच्या फरारी गुलाम कायद्यानुसार पळून आलेल्या माणसाला उत्तरेच्या कुठल्याही शहरातून पकडून मालकाकडे परत पाठवता येत असे. मग वडिलांनी न्यूयॉर्क पाहिलं, तिथेही मन लागलं नाही. अखेर मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला ते टेकले आणि कुटुंबही तिथेच आलं.

न्यू बेडफर्ड म्हणजे देवमाशांच्या शिकारीवर श्रीमंत झालेलं बंदर. त्या जहाजांना माणसं कायम हवी असायची आणि खलाशाच्या कातडीच्या रंगाची चौकशी तिथे इतर गावांपेक्षा कमी व्हायची. फरार गुलामांना आसरा देणारं गाव म्हणून त्याची ख्याती होती. गुलामगिरीविरोधी चळवळीचे थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस हेसुद्धा १८३८ साली पळून आले तेव्हा पहिल्यांदा इथेच स्थिरावले होते.

त्यांना धर्मोपदेशक व्हायचं होतं असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. चर्चच्या सेवेत जायची तयारी मनात पक्की होत होती. तेवढ्यात काळ्यांची पलटण उभी राहणार अशी दवंडी पिटली गेली. देशाची आणि आपल्या पिचलेल्या बांधवांची सेवा करणं हीच आता देवाची सेवा, असं त्यांनी ठरवलं आणि १८६३च्या सुरुवातीला नाव नोंदवलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

५४व्या पलटणीत एवढं विशेष काय होतं?

युद्ध सुरू होऊन दोन वर्षं होत आली तरी काळ्या माणसाच्या हाती बंदूक द्यावी की नाही, यावर उत्तरेतच एकमत नव्हतं. खंदक खणा, सामान वाहा, स्वयंपाक करा, इथपर्यंत सगळ्यांना चालत होतं. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला आणि त्यात काळ्यांना सैन्यात घेण्याची तरतूद आली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्रू यांनी लगेच परवानगी मिळवली. उत्तरेच्या राज्यांत उभ्या राहिलेल्या काळ्यांच्या पलटणींपैकी ५४वी ही अगदी पहिल्यांतली.

भरतीसाठी डग्लस गावोगाव फिरले. त्यांचे दोन मुलगे, लुइस आणि चार्ल्स, याच पलटणीत दाखल झाले. शिपाई काळे, पण अधिकारी सगळे गोरे, अशी अट होती. कर्नल होते रॉबर्ट गूल्ड शॉ, बॉस्टनच्या धनाढ्य घराण्यातला पंचवीस वर्षांचा तरुण. २८ मे १८६३ रोजी सुमारे हजार जणांची ही पलटण बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करत जहाजावर चढली. रस्त्यांच्या दोन्ही कडांना तुफान गर्दी होती. टाळ्या वाजवणारे होते तसे ‘हे लढतील का’ असं मनात म्हणणारेही होते. त्या दुसऱ्या लोकांना उत्तर द्यायचं आहे, हे प्रत्येक शिपायाला ठाऊक होतं.

शत्रूच्या हाती सापडले असते तर काय झालं असतं?

इतर शिपायांना युद्धकैदी म्हणून जी वागणूक मिळे ती यांना मिळणार नव्हती. दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाने, मे १८६३ मध्ये ठराव केला होता: काळ्यांचं नेतृत्व करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मृत्युदंड द्यायचा आणि काळ्या शिपायांना त्या त्या राज्याच्या हवाली करायचं. राज्याच्या हवाली म्हणजे गुलामगिरी किंवा फास. हे सगळं माहीत असूनही ही माणसं गेली. कार्नी तर गुलामगिरीतून बाहेर आलेले; पकडले गेले असते तर त्यांचा परतीचा रस्ता कुठे जातो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

फोर्ट वॅग्नर हा किल्ला म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटलं की काळ्या दगडाची तटबंदी येते. हा तसला नव्हता. साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस आयलंड नावाचं वाळूचं चिंचोळं बेट आहे. त्यावर वाळू, माती आणि ताडासारख्या पामेटो झाडांचे ओंडके रचून ही तटबंदी केली होती. पुढे खंदक. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला दलदल, आणि मधून जाणारी किनाऱ्याची वाळूची पट्टी शेवटी इतकी अरुंद की पलटणीला रांगा धरून चालताच येईना. कडेचे शिपाई गुडघाभर पाण्यातून पुढे सरकत होते.

वाळूच्या किल्ल्याची खुबी अशी की तोफेचा गोळा दगड फोडतो, पण वाळूत नुसता रुततो. १८ जुलैला दिवसभर जहाजांवरून आणि जमिनीवरून हजारो गोळे डागले गेले. आत कोणी जिवंत उरलं नसेल असं सेनापतींना वाटलं. प्रत्यक्षात आतले बहुतेक शिपाई ओंडक्यांच्या भक्कम तळघरात सुखरूप बसले होते. सतराशेच्या आसपास माणसं होती ती.

त्या संध्याकाळी काय घडलं ते सविस्तर सांगा.

५४वी पलटण तिथे पोचली तीच दमलेली. दोनच दिवस आधी, १६ जुलैला, शेजारच्या जेम्स आयलंडवर त्यांची पहिली चकमक झाली होती. त्यानंतर पावसात, दलदलीतून, रात्रीच्या अंधारात चाल. झोप नाही, पोटात धड अन्न नाही. तरी हल्ल्यात सगळ्यांच्या पुढे राहण्याचा मान आपल्याला मिळावा हे कर्नल शॉ यांनी मान्य केलं. मान आणि मरण दोन्ही एकाच जागी होतं.

ब्रिगेडियर जनरल स्ट्राँग यांनी पलटणीसमोर येऊन निशाण धरणाऱ्या सार्जंटकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा पडला तर निशाण कोण उचलेल? शॉ म्हणाले, मी. सूर्य बुडाल्यावर, पावणेआठच्या सुमाराला, सुमारे सहाशे जण निघाले. आधी चालत, मग झपाझपा, शेवटी धावत. किल्ल्यापासून दोनशे यार्डांवर आले तेव्हा आतून बंदुका आणि तोफा एकदम पेटल्या.

निशाण सार्जंट जॉन वॉल यांच्या हातात होतं. ते खंदकाच्या अलीकडे पडले. कार्नी जवळच होते. त्यांनी बंदूक टाकली, निशाण पकडलं आणि रांगेच्या पुढे गेले. खंदक ओलांडला, उतार चढला, तटाच्या माथ्याशी काठी रोवली. वळून पाहिलं तर आजूबाजूला उभं कोणी नव्हतं; जे होते ते पडलेले होते. शॉ याच तटावर छातीत गोळी लागून गेले.

तिथे, तटाच्या बाहेरच्या उतारावर, काठी घट्ट धरून कार्नी गुडघ्यांवर बसून राहिले. डोक्यावरून गोळ्या जात होत्या, हातबाँब पडत होते. बराच वेळ असा गेल्यावर अंधारातून एक तुकडी येताना दिसली. आपलीच माणसं आली असं वाटून त्यांनी निशाण उंचावलं, आणि मग कळलं की ते शत्रूचे आहेत. निशाण काठीभोवती गुंडाळून ते उतारावरून खाली आले. जाताना कोरडा वाटलेला खंदक आता पाण्याने भरला होता. कमरेएवढ्या पाण्यातून, निशाण डोक्यावर धरून ते पार गेले. परतीच्या वाटेवर गोळ्या लागल्या. कधी उभं राहून, कधी एका गुडघ्यावर रांगत ते मागे सरकत राहिले.

वाटेत न्यूयॉर्कच्या एका पलटणीतला शिपाई भेटला. त्याने त्यांना आधार दिला आणि निशाण माझ्याकडे द्या म्हणाला. कार्नी यांनी नकार दिला. ५४व्या पलटणीच्या माणसाखेरीज हे कोणाच्या हाती जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. रक्ताने माखलेले ते छावणीत पोचले तेव्हा जखमी सोबत्यांनी त्यांना आणि निशाणाला पाहून जयघोष केला.

“जुनं निशाण जमिनीला टेकलं नाही” हे वाक्य खरंच त्यांचं आहे का?

होय. छावणीत पोचल्यावर सोबत्यांना ते म्हणाले की पोरांनो, मी फक्त माझं कर्तव्य केलं. जुनं निशाण जमिनीला टेकलं नाही. पुढे आयुष्यभर हे वाक्य त्यांच्या नावाला चिकटून राहिलं. लोक दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवतात. मला पहिला अर्धा भागही तितकाच त्यांचा वाटतो.

एका कापडाच्या तुकड्यासाठी जीव का धोक्यात घालायचा?

हा प्रश्न तरुण वाचक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. त्या काळी रणांगणावर बंदुकीच्या दारूचा धूर इतका दाटायचा की दहा पावलांवरचं दिसत नसे. आवाजात हुकूम ऐकू येत नसत. शिपाई निशाणाकडे बघून ठरवत: पुढे चाललोय की मागे, कुठे जमायचं, आपली पलटण अजून शाबूत आहे की नाही. निशाण पडलं की माणसं पांगत. म्हणून शत्रूचे नेमबाज आधी निशाण धरणाऱ्यालाच टिपत, आणि त्या हाताला स्वतःची बंदूक चालवता येत नसे. मराठ्यांच्या फौजेत जरीपटक्याला काय मोल होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं समजावायला नको.

कार्नी यांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. ज्या देशाचं ते निशाण होतं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली, ड्रेड स्कॉट खटल्यात, काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला होता. त्याला सहा वर्षं झाली होती. जो देश आपल्याला नागरिक मानत नाही त्याचं निशाण या माणसाने तटावर नेऊन रोवलं. ही लाचारी नव्हती. हा देश माझाही आहे असा दावा होता तो, आणि तो सगळ्यांना दिसेल अशा जागी केला होता.

पण हल्ला तर फसला. मग त्याला एवढं महत्त्व का?

फसलाच. उत्तरेचे दीड हजारांवर माणूस मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. दक्षिणेचं नुकसान दोनशेच्या आसपास. ५४व्या पलटणीचे सहाशेपैकी पावणेतीनशेच्या घरात जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. किल्ला दक्षिणेने सोडला तो सप्टेंबरमध्ये, लांबलेल्या वेढ्यानंतर.

शॉ यांना त्यांच्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरण्यात आलं. गोऱ्या कर्नलचा अपमान व्हावा हा हेतू होता. शॉ यांच्या वडिलांनी मात्र मुलाचं शव हलवू नका असं कळवलं. आपल्या शूर सोबत्यांमध्येच त्याची जागा आहे, असं त्यांनी लिहिलं.

आणि त्याच आठवड्यात, १३ ते १६ जुलै, न्यूयॉर्क शहरात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली होती. जमावाने काळ्यांना रस्त्यांवर मारलं, खांबांना लटकवलं, काळ्या अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं. ५४व्या पलटणीतल्या रॉबर्ट सिमन्स या सार्जंटचा लहान भाचा या दंगलीत मारला गेला. खुद्द सिमन्स वॅग्नरवर जखमी होऊन कैदेत वारले. या दोन बातम्या उत्तरेच्या वर्तमानपत्रांत एकापाठोपाठ आल्या. ‘काळे लढतील का’ हा प्रश्न नंतर फारसा विचारला गेला नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत दाखल झाले होते.

पगाराचा वाद काय होता?

माझ्या मते वॅग्नरइतकंच हे प्रकरण महत्त्वाचं आहे, आणि ते कमी सांगितलं जातं. भरतीच्या वेळी सांगितलं होतं की गोऱ्या शिपायांइतकाच पगार मिळेल, महिना तेरा डॉलर. प्रत्यक्षात हातात ठेवायला निघाले दहा, आणि त्यातून कपड्यांचे तीन कापून सात. बरं, गोऱ्या शिपायाला कपड्यांसाठी उलट भत्ता मिळत होता.

५४व्या पलटणीने ते सात डॉलर घेतलेच नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरकाची रक्कम आपल्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारली. पैशांची गरज नव्हती असं नाही. घरी बायकामुलं उपाशी होती, काहींच्या घरच्यांवर धर्मादाय आश्रमात जायची वेळ आली. कार्नी यांच्याच कंपनीतला, न्यू बेडफर्डचाच कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग याने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकन यांना पत्र लिहिलं. त्याचा सवाल सरळ होता: आम्ही शिपाई आहोत की मजूर? हा गूडिंग पुढे जखमी होऊन पकडला गेला आणि अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध कैदखान्यात मेला.

दुसऱ्या एका काळ्या पलटणीतल्या सार्जंट विल्यम वॉकर याने याच अन्यायाविरुद्ध आपल्या कंपनीला हत्यारं खाली ठेवायला लावली. बंडाच्या आरोपाखाली २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. चार वर्षांतून एकदा येणारा तो दिवस कार्नी यांचा वाढदिवस. योगायोगच, पण तारीख वाचली की मन थबकतं.

शेवटी जून १८६४ मध्ये काँग्रेसने कायदा केला. त्यातही खोच ठेवली: १९ एप्रिल १८६१ रोजी आपण स्वतंत्र होतो असं जे शपथेवर सांगतील त्यांनाच मागची पूर्ण भरपाई. शॉ यांच्यानंतर आलेले कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचा मजकूरच असा बेतला की त्या तारखेला आपल्या फुकट श्रमांवर कोणाही माणसाचा हक्क नव्हता, एवढंच शिपायाने म्हणायचं. माणसावर माणसाचा असा हक्क मुळात असूच शकत नाही असं मानणारा प्रत्येक जण ही शपथ प्रामाणिकपणे घेऊ शकत होता. दीड वर्ष बिनपगारी लढल्यावर पलटणीला तिचे पैसे मिळाले.

जखमी झाल्यानंतर कार्नी यांचं काय झालं?

जखमांमुळे ३० जून १८६४ रोजी त्यांना सैन्यातून मुक्त केलं. ऑक्टोबर १८६५ मध्ये सुझाना विल्यम्स यांच्याशी लग्न झालं. क्लारा ही त्यांची मुलगी. काही काळ न्यू बेडफर्डच्या रस्त्यांवरच्या दिव्यांची देखभाल केली, मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन आले. १८६९ साली टपाल खात्यात लागले आणि बत्तीस वर्षं त्यांनी गावात घरोघरी पत्रं वाटली. १८९० मध्ये पत्रवाटप करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची न्यू बेडफर्ड शाखा निघाली, तिच्या संस्थापक उपाध्यक्षांत ते होते.

गोळ्या लागलेल्या शरीराने बत्तीस वर्षांची पायपीट. न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य कोपऱ्यातला हिवाळा, समुद्रावरून येणारा वारा, खांद्यावर पिशवी. शूर माणसाचं पुढे काय होतं याचं हे उत्तर मला फार जवळचं वाटतं.

पदक मिळायला सदतीस वर्षं का लागली?

याला एकच कारण नाही. मेडल ऑफ ऑनर १८६१-६२ मध्ये नुकतंच सुरू झालं होतं आणि देण्याची पद्धत सैल होती. कोणीतरी अर्ज करावा, साक्षीदारांनी लिहून द्यावं, मग युद्धखात्याने विचार करावा. यादवीतल्या कित्येक गोऱ्या शिपायांनासुद्धा १८९०च्या दशकात पदकं मिळाली. तेव्हा उशीर फक्त कार्नी यांनाच झाला असं म्हणणं बरोबर ठरणार नाही.

पण वॅग्नरची कामगिरी गुप्त नव्हती. त्याच वर्षी वर्तमानपत्रांत आली होती. तरीही एका काळ्या सार्जंटसाठी कागद हलायला दोन पिढ्या गेल्या. पदक आलं तेव्हा ते साठ वर्षांचे होते आणि अजूनही पत्रंच वाटत होते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९१६-१७ मध्ये लष्कराच्या मंडळाने जुनी सगळी पदकं तपासली आणि ९११ रद्द केली. कार्नी यांचं पदक त्या चाळणीतून तसंच उतरलं.

ते मेडल ऑफ ऑनर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय होते ना?

असं सर्रास लिहिलं जातं, पण नेमकं सांगायचं तर फरक करावा लागतो. ज्या कामगिरीबद्दल पदक मिळालं त्यांत कार्नी यांची कामगिरी सर्वांत आधीची. प्रत्यक्ष हातात पदक मात्र आधी इतर काळ्या शिपायांच्या आणि खलाशांच्या आलं. नौदलातले रॉबर्ट ब्लेक यांना ते १८६४ सालीच मिळालं होतं. हा बारकावा पाळल्याने कार्नी यांचं काही कमी होत नाही आणि ब्लेक यांच्यावर अन्याय होत नाही.

हयातीत त्यांना लोक ओळखत होते का?

चांगलेच. ३१ मे १८९७ रोजी बॉस्टनमध्ये शॉ आणि ५४व्या पलटणीच्या ब्राँझ शिल्पाचं अनावरण झालं. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी त्यावर जवळजवळ चौदा वर्षं घालवली. समारंभात कृष्णवर्णीय समाजाचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांचं भाषण होतं. व्यासपीठावर कार्नी निशाण घेऊन बसले होते. वॉशिंग्टन त्यांच्याकडे वळून बोलू लागताच ते नकळत उठले आणि निशाण उंच केलं. सगळं सभागृह उभं राहिलं.

त्या शिल्पावर तेव्हा मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं कोरली होती. वॅग्नरवर मेलेल्या काळ्या शिपायांची नावं मागच्या बाजूला कोरली गेली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे लढाईनंतर एकशे वीस वर्षांच्या आसपास.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते बॉस्टनला मॅसॅच्युसेट्सच्या राज्यभवनात निरोप्याचं काम करत होते. याच इमारतीत राज्याच्या पलटणींची युद्धातली निशाणं जपून ठेवली होती, ५४व्या पलटणीचीही. म्हणजे ज्या निशाणासाठी त्यांनी गोळ्या झेलल्या, त्याच छपराखाली म्हातारपणी ते रोज कागदपत्रं पोचवत होते. १९०८च्या अखेरीस तिथल्या लिफ्टमध्ये त्यांचा पाय सापडून चिरडला. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. राज्यभवनावरचं निशाण त्यांच्यासाठी अर्ध्यावर उतरवलं गेलं. एरवी बड्या पदाधिकाऱ्यांना मिळणारा हा मान त्या दिवशी एका निरोप्याला मिळाला.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि दोन बाजूंनी आहे.

एक कापसाचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो मुंबईच्या बंदरातून गेला. शेअरांचा जुगार माजला, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखी नावं झळकली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कित्येकांची दिवाळखोरी निघाली. मुंबईची आजची कितीतरी घडण त्या चार वर्षांतल्या पैशातून झाली आहे. चार्ल्स्टनसमोर कार्नी जी नाकेबंदी आवळायला लढत होते, तिच्यातूनच हा पैसा इथे वाहत होता.

दुसरा संबंध जास्त जिव्हाळ्याचा. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा आणि स्वार्थत्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा जोतीरावांनी तिथे व्यक्त केली आहे. पुस्तक पुण्यात छापून निघालं त्या वर्षी कार्नी न्यू बेडफर्डला पत्रं वाटत होते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं नसणार. पण ज्या मुक्तीला जोतीरावांनी ते पुस्तक वाहिलं, ती ज्यांच्या रक्ताने आली त्यांत कार्नी होते, हे त्या अर्पणपत्रिकेजवळ थांबताना मला आठवतंच.

त्यांच्या स्मृती आज कुठे पाहायला मिळतात?

न्यू बेडफर्डमधलं त्यांचं घर जपलेलं आहे आणि गावातल्या एका शाळेला त्यांचं नाव आहे. तिथल्याच ओक ग्रोव्ह दफनभूमीत त्यांची कबर आहे. पांढऱ्या संगमरवरावर मेडल ऑफ ऑनरची सोनेरी आकृती कोरलेली. बॉस्टनचं ब्राँझ शिल्प राज्यभवनाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की लागतं.

आणि नॉरफोकला, जिथे त्यांचा जन्म गुलाम म्हणून झाला त्या गावात, कृष्णवर्णीयांच्या जुन्या वेस्ट पॉइंट दफनभूमीत यादवीत उत्तरेकडून लढलेल्या काळ्या शिपायांचं स्मारक आहे. दक्षिणेच्या भूमीवर असं स्मारक विरळाच. स्थानिक कृष्णवर्णीय समाजाने ते पुरं केलं १९२० साली. उंच चौथऱ्यावर गणवेशातला एक शिपाई उभा आहे, आणि तो कार्नी यांच्यावरून घडवला आहे.